बग्गीतून मुले पडतात कशी, आणि ते थांबवायचे कसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की बॅटरीवरच्या बग्ग्या लहान मुलांनी भरून जातात. पूर्वी ही गाडी गोल्फच्या मैदानापुरती होती. आता ती लोणावळा-महाबळेश्वरच्या आणि गोव्याच्या रिसॉर्टमध्ये, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर, लग्नाच्या लॉन्सवर आणि शंभर-दीडशे एकरांच्या गृहसंकुलांत रोज दिसते. आम्ही या गाड्यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ आणि लहान मुलांच्या हाडांवर उपचार करणारे डॉक्टर आहोत. बग्गी हळू चालते, आवाज करत नाही, तिला दारे नाहीत, म्हणून ती जत्रेतल्या पाळण्याइतकी निरुपद्रवी वाटते. मुलांना होणारी इजा नेमकी याच समजुतीतून होते, म्हणून हे सविस्तर पत्र.

बग्गीचा अपघात म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर टक्कर येते. पण मुलांना सर्वाधिक इजा टक्करीत होत नाही. ती चालत्या बग्गीतून बाहेर पडून होते. बग्ग्यांचा वापर सर्वांत जास्त असलेल्या अमेरिकेत १९९० ते २००६ या काळातल्या रुग्णालयीन नोंदींचा अभ्यास झाला आहे. त्या सतरा वर्षांत सुमारे १ लाख ४८ हजार लोक बग्गीमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आले. त्यांतले सुमारे ३१ टक्के १६ वर्षांखालचे होते आणि दुखापतीचे सर्वांत मोठे कारण गाडीतून पडणे किंवा उडी मारणे हे होते. पुढच्या दशकाच्या, म्हणजे २०१० ते २०१९ च्या, नोंदी पाहिल्या तर तिथे दरवर्षी साडेसहा हजारांहून अधिक मुले जखमी झाली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त १२ वर्षांची किंवा त्याहून लहान होती. धडक चुकवणे हे चालकाच्या हातात असते. पडणे मात्र गाडीची रचना, आसनाची जागा आणि वेग या तिन्हींवर ठरते. त्यामुळे ‘चालक चांगला आहे’ एवढ्यावर पालकांनी निर्धास्त होऊ नये.

आधी वळणाचे गणित. गोल्फसाठी बनवलेली बग्गी साधारणपणे ताशी १९ ते २४ किलोमीटरने धावते. ती ताशी २० किलोमीटरने ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर नेली (संकुलातला काटकोनी कोपरा जवळपास असाच असतो) तर बसलेल्या माणसाला त्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त जोर बाहेरच्या बाजूला ढकलतो. वीस किलोच्या मुलासाठी हा जोर सुमारे दहा किलोचा झाला. तेच वळण ताशी १० किलोमीटरने घेतले तर जोर निम्मा न होता चौथाई होतो, म्हणजे साधारण अडीच किलो. मोठा माणूस पाय जमिनीवर रोवून, दांडी धरून दहा किलोचा धक्का सहज पेलतो. मूल गुळगुळीत रेक्झिनवरून घसरत जाते. चालकाच्या हातात स्टिअरिंग असल्याने त्याचे शरीर आपोआप सावरले जाते आणि शेजारच्याला केवढा धक्का बसला हे त्याला कळतच नाही. म्हणून चालकाच्या शेजारी, कडेला बसलेले मूल हे पुढच्या रांगेतले सर्वांत धोक्यातले मूल. पुढे बसायचा हट्ट मुले करतात आणि मोठे तो पुरवतात.

आसनाची मापे मोठ्या माणसाची असतात. बाकाची खोली साधारण ४५ सेंटिमीटर असते. सहा वर्षांच्या मुलाची मांडी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत, ३२ ते ३५ सेंटिमीटर भरते. मूल पाठ टेकून बसले तर गुडघे वाकतच नाहीत, पाय सरळ समोर येतात आणि ते अवघडते. मग ते पुढे सरकते, बाकाच्या कडेवर बसते, पाय लोंबकळतात. त्या क्षणी पाठीला टेकू नाही, पायाला जमीन नाही आणि हाताला दांडी पोचत नाही. बाकाच्या दोन्ही टोकांना जी वाकवलेली नळी असते, तिच्यावर पालक विसंबतात. ही नळी मोठ्या माणसाला पकडायला आणि कंबर अडवायला दिलेली आहे. मूल पुढे सरकले की ते नळीच्या पुढच्या मोकळ्या जागेसमोर येते, जिथून आपण गाडीत चढतो. तिथे अडवायला काहीच नसते.

पडताना मूल बहुधा डोक्यावर पडते, कारण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते व हात पुढे टेकवून सावरण्याची सवय अजून मुरलेली नसते. बग्गीत बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असते. एवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला ताशी १७-१८ किलोमीटर वेगाने आपटते. त्यात गाडीचा स्वतःचा वेग मिळवायचा. खाली बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक, काँक्रीट किंवा दगडी किनार असते. यातून कवटीचा तडा, मेंदूभोवतीचा रक्तस्राव, कोपराच्या वरचे आणि मनगटाजवळचे अस्थिभंग होतात. ‘गाडी अगदी हळू होती’ हे वाक्य डॉक्टरला सांगितले जाते ते खरेही असते, पण उंची आणि खालची जमीन त्यात धरलेली नसते.

सर्वांत जास्त लिहायला हवे ते मागच्या, पाठमोऱ्या आसनाबद्दल. चार किंवा सहा जणांच्या बग्गीत शेवटची रांग बहुतेकदा मागे तोंड करून असते. मुलांना ती जागा फार आवडते: मागे जाणारा रस्ता दिसतो, पाय मोकळे सुटतात, मोठ्यांची नजर नसते. पुढे तोंड करून बसलेला माणूस गाडी सुटताना आपल्याच पाठीवर रेलला जातो. पाठमोऱ्या आसनावर उलट होते. गाडी झटक्यात सुटली की बसलेला माणूस पाठीच्या टेकूपासून सुटून गाडीबाहेर ओढला जातो. विजेच्या मोटरला उभ्या स्थितीतूनच पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे नवशिक्या चालकाच्या पायाखाली बग्गी पेट्रोलच्या गाडीपेक्षा अधिक झटक्याने सुटते. त्यातच चढ असेल तर आसनच बाहेरच्या बाजूला कलते. गतिरोधक हा तिसरा भाग. ही रांग मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असते, म्हणून गतिरोधकावर पुढच्या रांगेला बसतो त्याच्यापेक्षा मोठा उसळा तिला बसतो. मूल क्षणभर आसनावरून सुटते आणि त्याच वेळी चालकाने गतिरोधक ओलांडल्याच्या आनंदात ॲक्सिलरेटर दाबलेला असतो.

पाठमोऱ्या आसनासमोर पाय ठेवायला जी घडीची फळी असते, ती स्वतंत्र धोका आहे. मुले तिच्यावर उभी राहतात. लोंबणारा पाय फळी आणि फुटपाथची कड यांच्यात, किंवा फळी आणि गतिरोधक यांच्यात चेपला जातो. बग्गी मागे घेताना तर हे पाय गाडीच्या सर्वांत पुढचा भाग होतात. चालकाला ते दिसत नाहीत आणि भिंत, खांब, दुसरी उभी बग्गी, काहीही आड आले तरी आधी पाय सापडतात. आमचे मत स्पष्ट आहे: पाठमोऱ्या आसनावर १२ वर्षांखालील मूल बसवूच नये, पट्टा असला तरी. त्या रांगेत मोठी माणसे बसावीत, किंवा ते आसन सरळ पाडून त्यावर सामान ठेवावे. गाडी नवीन घेत असाल तर सगळी आसने पुढे तोंड केलेलीच मागावीत. जास्त आसनांच्या गाड्या अशा रचनेत सहज मिळतात.

आता पट्टा. बग्ग्यांना कंबरेचा दुहेरी पट्टा बसवता येतो आणि पडण्याचा धोका पाहता तो असावाच. पण तो कसा बसवला आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नये. बाजारातले संच पुष्कळदा आसनाखालच्या प्लायवूडला किंवा फायबरच्या शरीराला बोल्ट मारून बसवले जातात. पहिल्याच जोराच्या झटक्यात बोल्ट लाकूड फाडून बाहेर येतो. पट्ट्याची दोन्ही टोके लोखंडी चौकटीला, किंवा चौकटीला जोडलेल्या जाड पट्टीला हवीत. बोल्ट गाडीच्या सीट बेल्टसाठी बनणाऱ्या प्रतीचा हवा, मागे रुंद वॉशर आणि न सुटणारा नट हवा. दर महिन्याला पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावा, बकल अडकते-सुटते का ते पाहावे आणि उन्हाने कडक झालेला, कडा उसवलेला पट्टा बदलावा. उघड्या गाडीत ऊन-पावसाने पट्टा कारपेक्षा लवकर खराब होतो.

पट्टा मुलाच्या पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडावर, मांडीलगत यायला हवा. सुमारे १४५ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट नऊ इंच, उंची होईपर्यंत मोठ्यांच्या मापाचा पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो आणि झटका बसला की आतड्यांना, प्लीहेला इजा करू शकतो. कारमध्ये यासाठी बूस्टर किंवा मुलांचे आसन वापरतात. ते बग्गीत आणून बांधण्याचा मोह होतो, पण ही आसने कारच्या खोल बाकासाठी, उंच पाठीसाठी आणि खांद्यावरून येणाऱ्या तिहेरी पट्ट्यासाठी तपासलेली असतात. बग्गीच्या बुटक्या पाठीवर आणि दुहेरी पट्ट्यावर ते घट्ट बसत नाही. वरून मुलाचे बसण्याचे ठिकाण आणखी उंच होते. ज्या मुलाला कारमध्ये अजून स्वतंत्र आसन लागते, त्या मुलाला बग्गी योग्य नाही, असे साधे सूत्र धरावे. वयात सांगायचे तर सहा वर्षांखाली बग्गी टाळावी, आणि सहानंतरही चार गोष्टी जुळल्या तरच बसवावे: पाठ टेकलेली, गुडघे आसनाच्या कडेवर वाकलेले, दोन्ही तळवे गाडीच्या तळावर सपाट, आणि एक हात पक्क्या दांडीवर. गाडी उभी असतानाच बसवून पाहायला अर्धे मिनिट लागते. चारांतली एक जरी जमली नाही तरी मूल चालत येईल.

मांडीवर बसवण्याचा प्रश्न इथे येतो, कारण आपल्याकडे तो रिवाज आहे. तान्ह्याला घेतलेल्या आईचे किंवा आजीचे दोन्ही हात बाळात गुंतलेले असतात. दांडी धरायला हात उरत नाही. वळणावर स्वतः घसरणारी व्यक्ती बाळासकट घसरते. चालकाने मूल मांडीवर घेऊन त्याला स्टिअरिंग धरू देणे तर कधीही नको. समोर झटका बसला की मूल चाक आणि मोठ्या माणसाचे वजन यांच्यामध्ये चेपते. स्टिअरिंग फिरवायला जागा राहत नाही. आणि मुलाचा पाय ॲक्सिलरेटरपर्यंत पोचतो. प्राणिसंग्रहालयात, मोठ्या देवस्थानात किंवा स्टेशनवर आजी-आजोबांना चालवत नसेल आणि सोबत लहान मूल असेल, तर मोठी माणसे बग्गीने जावीत व मुलाला घेऊन दुसऱ्या कुणीतरी चालावे. तेही शक्य नसेल तर मूल पुढे तोंड केलेल्या, मधल्या रांगेच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना मोठी माणसे, आणि गाडी चालण्याच्या वेगाने. तान्हे बाळ छातीला बांधायच्या झोळीत असले तर निदान एक हात दांडीसाठी मोकळा राहतो. हा नाइलाजाचा मार्ग आहे, सुरक्षित मार्ग म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

माणसांची मोजणीही आसनांवर करावी, वजनावर नाही. ‘मुलेच तर आहेत, दोघांच्या जागेत तिघे बसतील’ असे म्हणून चौघांच्या बग्गीत सहा जण भरले की कडेची दोन मुले अर्धी बाहेर असतात आणि कुणाचीही पाठ टेकलेली नसते.

उघड्या बाजूला साखळी किंवा नायलॉनची पट्टी लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ढिली साखळी मुलाला आठवण करून देते, पण पडणाऱ्याला अडवत नाही; मूल तिच्याखालून निसटते. त्याऐवजी वर उचलता येणारी नळीची आडवी दांडी, आसनापासून २५-३० सेंटिमीटर उंचीवर, स्वतःहून न उघडणाऱ्या खटक्यासह बसवावी. स्थानिक फॅब्रिकेटरला हे एका दिवसाचे काम आहे. दांडीच्या खाली मुलाचे डोके अडकेल एवढी मोकळी फट राहू नये म्हणून मध्ये एक आडवी पट्टी जोडावी.

चालू स्थितीत सोडलेली बग्गी हा वेगळाच विषय आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. बग्गी उभी असताना मोटर बंद असते, आवाज नसतो, थरथर नसते. किल्ली फिरवलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. शिवाय बऱ्याच बग्ग्यांत पार्किंग ब्रेक पायाने लावायचा असतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो आपोआप सुटतो. मोठ्यांना ही सोय आहे. पण चालक पाण्याची बाटली घ्यायला उतरला, पुढच्या रांगेतले मूल खाली उतरून पेडलवर उभे राहिले, की ब्रेक सुटून गाडी पूर्ण जोराने निघते, आत इतर मुले बसलेली असताना. यावर एकच नियम पुरतो: चालक आसन सोडणार असेल तर किल्ली त्याच्या खिशात गेली पाहिजे, मग तो दोन पावले जाणार असो वा दोनशे. आसनाखाली ओढून नेण्यासाठी एक वेगळा स्विच असतो. तो त्या स्थितीत राहिला तर मोटरचा अटकाव (पेडल सोडल्यावर मोटरच गाडीला रोखते तो) सुटतो आणि उतारावर गाडी ढकलल्यासारखी पळते. तो मुलांच्या हाताला लागू नये, आणि आसन उचलून बॅटऱ्या दाखवण्याचा खेळ तर नकोच. शिशाच्या बॅटरीत आम्ल असते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो.

उतार आणि पावसाळा. पुष्कळ बग्ग्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि मोटरचा अटकावही मागच्याच चाकांवर येतो. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात, अडकतात आणि घसरतात. मग गाडीचा मागचा भाग बाजूला फिरतो, ती रस्त्याला आडवी होते आणि तिथून उलटायला फार लागत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर किंवा महाबळेश्वरच्या शेवाळलेल्या फरशीवर हे ताशी १५ किलोमीटरलाही होऊ शकते. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करायचा, उतारावर सरळ राहायचे, ब्रेक हलका आणि आधीपासून धरायचा, वळण उताराच्या शेवटी घ्यायचे. मुले उभी राहिली तर गाडीचा तोल वर जातो. शोभेसाठी गाडी उंच करून मोठे टायर लावले तर तो कायमचाच वर गेलेला असतो. अशा उंच केलेल्या बग्गीत मुले नेऊ नयेत. वरचे छत फक्त सावलीसाठी आहे. उलटणाऱ्या गाडीचा भार ते पेलत नाही.

देखभालीत आम्ही सर्वाधिक भर कंट्रोलरवर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागावर, देतो. नव्या बग्ग्यांचा कमाल वेग आणि सुटण्याचा झटका दोन्ही कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमर नावाचे उपकरण जोडून कमी करता येतात. विक्रेत्याचा तंत्रज्ञ हे अर्ध्या तासात करतो. मुले ज्या आवारात फिरतात तिथे कमाल वेग ताशी १० ते १२ किलोमीटर ठेवावा आणि सुटणे हळुवार करून घ्यावे. एवढ्या एका बदलाने वळणाचा जोर चौथाईच्या आसपास येतो आणि पाठमोऱ्या आसनाचा झटकाही मंदावतो. सूचनाफलकाने हे साधत नाही. कंट्रोलर दुरुस्त करताना किंवा बदलताना वेग पुन्हा मूळ मर्यादेवर जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवून प्रत्येक दुरुस्तीनंतर वेग मोजावा. जुन्या, सिरीज मोटरच्या गाड्यांत ही सोय नसते. त्या मुलांच्या वाहतुकीतून काढून मालवाहतुकीला द्याव्यात.

बाकी तपासणी नेहमीची आहे. पूर्ण भार घालून आवारातल्या सर्वांत तीव्र उतारावर पार्किंग ब्रेक लावावा; गाडी तसूभरही सरकता कामा नये. ब्रेकची केबल ताणली जाते आणि एका चाकाचा ब्रेक दुसऱ्याच्या आधी लागू लागतो, त्याने गाडी ओढते. टायरमधली हवा कंपनीच्या पाटीप्रमाणे (बहुतेक बग्ग्यांत १८ ते २२ पीएसआय) चारही चाकांत ठेवावी. पुढची चाके वळवणाऱ्या जोडणीतली टाय रॉडची टोके आणि किंगपिनची बुशिंग झिजली की स्टिअरिंगला ढिलाई येते. आणि बाजूच्या नळीचे बोल्ट: मुले त्यांना लोंबकळतात, म्हणून ते इतर बोल्टपेक्षा लवकर सैल होतात.

चालकाने काय करावे हे थोडक्यात. निघण्यापूर्वी मागे वळून प्रत्येक मुलाकडे बघणे आणि ‘निघू का?’ असे मोठ्याने विचारणे. हात-पाय बाहेर नाहीत, ओढणी किंवा फुग्याची दोरी लोंबत नाही हे पाहणे. वळणावर चालण्याचा वेग. मूल उभे राहिले की गाडी हळूच थांबवणे, ओरडून वेगात ब्रेक मारणे नाही, कारण उभे मूल त्यानेच पडते. मागे घेताना एक मोठा माणूस खाली उतरून मागे उभा. उतरायचे ते गाडी पूर्ण थांबल्यावर, रस्त्याच्या उलट बाजूने. आणि चालक प्रौढ, परवानाधारक हवा. रिसॉर्टमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देऊन मागे लहान भावंडांना बसवले जाते, ते थांबले पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सार्वजनिक रस्त्यावर बग्गी चालवणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांना शिकाऊ किंवा पक्का परवाना सक्तीचा केला. त्याआधी तिथे चौदाव्या वर्षी विनापरवाना चालवता येत असे.

फ्लोरिडा, जॉर्जियाकडे मुला-नातवंडांकडे राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक माहिती. तिथे बग्गीसारखीच दिसणारी, पण ताशी ३२ ते ४० किलोमीटर धावणारी ‘लो-स्पीड व्हेइकल’ ही वेगळी जात आहे. १९९८ पासून तिला संघीय नियमांनुसार सीट बेल्ट, दिवे, आरसे आणि पुढची काच बंधनकारक आहे. साध्या बग्गीला हे नियम लागू नाहीत. नातवंडांना घेऊन निघण्यापूर्वी घरातली गाडी कोणती, आणि प्रत्येक आसनाला पट्टा आहे का, हे विचारून घ्यावे.

मूल पडलेच तर त्याला लगेच उचलून उभे करू नये. बेशुद्ध असेल, मान दुखते म्हणत असेल, हातपाय हलवत नसेल तर आहे तिथेच डोके-मान स्थिर धरून १०८ ला फोन करावा. शुद्धीत असले तरी क्षणभर बेशुद्ध होणे, पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, अवेळी गुंगी, आकडी, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, तान्ह्याचे न थांबणारे रडणे किंवा टाळू फुगणे, यांतले काहीही दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. पोटावर पट्टा किंवा स्टिअरिंगचा मार बसला असेल आणि पोट दुखत असेल तर बाहेरून खूण दिसली नाही तरी दाखवावे. डॉक्टरांना ‘बग्गीतून पडला’ एवढेच सांगू नका. गाडीचा अंदाजे वेग, कोणत्या आसनावरून पडला आणि खाली काय होते ते सांगा. तपासणी कितपत करायची हे त्यावर ठरते.

शेवटी कायद्याची पोकळी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधली ‘मोटार वाहना’ची व्याख्या कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनाला वगळते. त्यामुळे संकुलातली किंवा रिसॉर्टमधली बग्गी नोंदणीबाहेर राहते. तिला आरटीओची तपासणी नाही, तंदुरुस्तीचा दाखला नाही. रस्त्यावरच्या कारमध्ये १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना बसवले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ब नुसार १,००० रुपये दंड आहे, आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. कुंपणाच्या आत तेच मूल यांपैकी कशाच्याही संरक्षणात येत नाही. व्याख्या बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. महापालिका आणि वन विभाग प्राणिसंग्रहालयांसाठी, उद्यानांसाठी या गाड्या निविदा काढून घेतात किंवा ठेकेदाराकडून चालवून घेतात. त्या निविदांत पुढील अटी आजच घालता येतील: सर्व आसने पुढे तोंड केलेली, चारही चाकांना ब्रेक, चौकटीला जोडलेले पट्टे, बाजूची उचलायची दांडी, कंट्रोलरमध्ये बांधलेली ताशी १२ किलोमीटरची मर्यादा, परवानाधारक चालक आणि तपासणीची मासिक नोंदवही. गृहनिर्माण संस्थांना हेच वार्षिक सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करता येते. त्यात किल्ली कुणाच्या ताब्यात राहील आणि १८ वर्षांखालील कुणालाही ती मिळणार नाही, हेही लिहावे. रिसॉर्टमध्ये खोली आरक्षित करणाऱ्या पालकांनी फोनवरच विचारावे की बग्गीला पट्टे आहेत का आणि मुलांसाठी पुढे तोंड केलेली जागा मिळेल का. हा प्रश्न येऊ लागला की व्यवस्थापन गाडी तपासायला काढते.

आपले नम्र,
बॅटरी वाहनांची देखभाल करणारे तंत्रज्ञ व बाल-अस्थिरोग डॉक्टर, पुणे